नाकमास्तर

कारखान्यात त्याला तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे नाकमास्तर. पाठीमागचं नाव त्याला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तेच जास्त आवडायचं.

रोलिंग मिलमधून लोखंडी पट्ट्या लालबुंद निघतात आणि निवता निवता त्यांच्या अंगावर काळी-निळी, गुळगुळीत पपडी धरते. तिला स्केल म्हणायचं. नवख्याला वाटतं, वा, लोखंडाला आयतंच कवच मिळालं. पण ती पपडी कधी ना कधी तडकते, फटीतून ओल आत शिरते आणि आतल्या आत गंज चढतो. वरून रंग मारला असेल तर तोही पपडीसकट पोपडा होऊन निघतो. म्हणून रंगाआधी स्केल मुळापासून काढायची. मास्तरच्या खात्यात हे काम ॲसिडच्या टाकीत व्हायचं. क्रेनवाला पट्ट्यांची मोळी टाकीत उतरवी, बुडबुडे उठत, पपडी सुटून तळाशी बसे. मोळी लवकर वर काढली तर कानाकोपऱ्यात काळे डाग राहतात. उशीर झाला तर पपडी संपवून ॲसिड लोखंडालाच खायला लागतं. मधली ती नेमकी वेळ ओळखायची, आणि वर काढलेली पट्टी पाण्याने धुऊन, चुन्याच्या पाण्यात बुडवून, पुन्हा गंज धरायच्या आत रंगखात्याकडे पिटाळायची.

मास्तर टाकीच्या कठड्याशी यायचा, मान किंचित वाकडी करून एक हुंगा घ्यायचा आणि म्हणायचा, "ॲसिड थकलंय. आज पाच मिनिटं जास्त." तासाभराने प्रयोगशाळेतल्या बाईंची चिठ्ठी येई, तीत तेच लिहिलेलं असे. नवे कामगार तोंडात बोट घालत. पाहुणे आले की साहेब मुद्दाम त्यांना टाकीवर घेऊन येत. दहावीसुद्धा न झालेल्या माणसाला आणखी काय हवं? या बाबतीत तो नाकावर माशी बसू देत नसे.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी तो टाकीवर वाकला आणि त्याला कसलाच वास आला नाही.

सर्दी असेल म्हणून त्याने आठवडा काढला, मग महिना. नाक चोंदलेलं नव्हतं, श्वास मोकळा होता, फक्त वास नव्हता. ॲसिडचा नाही, साबणाचा नाही, बायकोच्या केसांतल्या तेलाचाही नाही. वाफेने नाक आतून जळलं होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण हे कुणाला सांगायचं? नाकमास्तरला नाकच उरलं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याने सांगितलं नाही. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात "काय बाई, बरं आहे ना?" म्हणत थांबायचं आणि बाईंच्या वहीतल्या आकड्यावर नजर टाकून घ्यायची. मग टाकीवर जाऊन बुडबुडे पाहायचे, पट्टीचा रंग पाहायचा आणि सगळ्यांसमोर हुंगा घ्यायचा. वर्षाच्या तपासणीत डॉक्टर नाकाखाली बाटली धरून विचारायचे, "कशाचा वास?" रांगेत पुढे उभ्या असलेल्याचं उत्तर ऐकून तो बेधडक म्हणायचा, "लवंग." मध्यंतरी कारखान्यात बारीक पोलादी छर्रे मारून स्केल उडवणारं मशीन आलं. ना ॲसिड, ना वाफ. साहेब म्हणाले, "मास्तर, तिकडे चला आता. पुष्कळ वाफ खाल्लीत." तेव्हाही त्याने मान हलवली. "बटण दाबायला कुणीही चालेल, साहेब. टाकीवर कोण?"

घरात लपवणं तर आणखी सोपं होतं. दूध लागलं, भात करपला, की बायको आतून ओरडायची, "अहो, शेजारी बसलात आणि वास आला नाही?" तो म्हणायचा, "कामाच्या विचारात होतो गं." तिचं नाक दोघांपुरतं चालत होतं. फक्त तिला ते माहीत नव्हतं.

घरात तिसरे होते त्याचे वडील. उभं आयुष्य बस चालवलेला माणूस. आवाज असा की मागच्या बाकावरचं भांडण पुढे बसून मिटवायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात आणि "आ... आ..." एवढंच उरलं. त्यातलं कोणतं "आ" पाण्याचं आणि कोणतं खिडकी लावण्याचं, हे सुनेला बरोबर कळायचं. मुलाला नाही.

लेकीच्या बाळंतपणाला बायकोला जावं लागलं. आठ दिवसांचा प्रश्न होता. दिवसा कामावर असेपर्यंत शेजारच्या मावशी बाबांजवळ बसणार होत्या. निघताना बायकोने पिशवी दाराशी ठेवली आणि पुन्हा आत आली.

"अहो, गॅसची नळी मागून चिरत आलीय. उद्याच्या उद्या बदलून घ्या. आणि काम झालं की सिलिंडरचा खटका बंद करत जा."

"हो गं."

"नुसतं हो गं नको. वास आला तर आधी खिडकी उघडा. काडी-बिडी ओढू नका."

"कुणाला सांगतेस? अख्खा कारखाना माझ्या नाकावर चालतो."

खाटेवर बाबा वाकड्या तोंडाने हसले. तीही हसली. त्या घटकेला त्याच्या मनात येऊन गेलं की सांगून टाकावं. पण बाहेर रिक्षा उभी होती, आणि सांगितलं असतं तर ती गेलीच नसती. लेक वाट पाहत होती. त्याने पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

नळी बदलायची राहून गेली. पहिल्या दिवशी कामावरून यायला उशीर झाला, दुसऱ्या दिवशी दुकान बंद, तिसऱ्या दिवशी लक्षातच राहिलं नाही. खटकाही त्या रात्री उघडाच राहिला.

चौथा दिवस सुट्टीचा. सकाळी आठचा सुमार. गार वारं सुटलं होतं, म्हणून बाबांना खोकला नको असं म्हणत त्याने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. स्वयंपाकघर आणि बाबांची खोली यांच्यामध्ये नुसता कापडी पडदा. बाबांची दाढी करून तो खुर्चीत पेपर चाळत बसला होता, तेवढ्यात बाबा सुरू झाले.

"आ... आ..."

"काय बाबा? पाणी?"

त्याने पेला तोंडाला लावला. बाबांनी मान फिरवली, पाणी गळ्यावरून ओघळलं. ते पुसून त्याने त्यांना कुशीवर वळवलं. तेही नको होतं. भांडं आणलं, तेही नको. बाबा डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी दांड्यावर थाप मारू लागले, एकसारखी.

"सूनबाईची आठवण येतेय होय? येईल हो गुरुवारी. तोवर माझ्या हातचं गोड मानून घ्या."

बाबांनी हात वर उचलला. बोट नाकाला लावलं. मग पडद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बोट नाकाला लावलं.

"अस्सं, नाक होय! मग एवढा तमाशा कशाला?" त्याला हसूच आलं. त्याने रुमाल घेतला आणि लहान मुलाचं पुसावं तसं बाबांचं नाक नीट, दोन्ही बाजूंनी पुसलं. "झालं? आता खूश?"

बाबांनी त्याचं मनगट धरलं. त्या हातात अजून एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं. डोळे फाटल्यासारखे झाले होते, तोंडातून नुसती हवा येत होती.

"अहो बाबा, सोडा. चहा टाकतो, मग बसतो तुमच्याजवळ."

त्याने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, पडदा बाजूला सारला आणि आत जाऊन ओट्याजवळ लायटर दाबला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. निळा झोत. भिंतीवर आपटलेली पाठ. पेटलेला पडदा, आणि पडद्याला लागून असलेली खाट. भाजलेल्या हातांनी त्याने बाबांना गादीसकट ओढलं, पण हातांची सालं निसटत होती, पकड बसत नव्हती. शेजाऱ्यांनी दार फोडलं.

बाबा तीन दिवस जगले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना शुद्ध आली. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेला मुलगा शेजारच्या खुर्चीत बसला होता. बाबांनी डावा हात कसाबसा उचलला आणि त्याच्या बँडेजवर अलगद ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढा गॅस साठला, वास कसा नाही आला?"

"सर्दी होती," तो म्हणाला.

तेच सगळीकडे गेलं. धाकटी बहीण आली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "त्या मेल्या सर्दीने घात केला रे दादा. तू तरी काय करणार?" नातेवाईक येत आणि तेच म्हणत. बायको लेकीला दोन दिवसांच्या बाळासह सोडून धावत आली होती. तिनेही येईल त्याला तेच सांगितलं. तो मान हलवत राहिला.

दोन महिन्यांनी हातांवर नवी, चकचकीत कातडी आली, तेव्हा तो कारखान्यात गेला. कामावर जायला नाही, तर सांगायला. साहेबांच्या टेबलासमोर क्रेनवालाही उभा होता. तो जायची वाट न पाहता मास्तरने सगळं सांगून टाकलं. आठ वर्षांचं. वही, बुडबुडे, लवंग.

साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, बसा आधी."

"साहेब, मी तुम्हाला फसवलं."

"कुणालाही फसवलं नाहीत हो. आम्हाला माहीत होतं." साहेबांनी क्रेनवाल्याकडे पाहिलं. "सगळ्यांनाच."

मास्तरला कळेना. क्रेनवाल्याने खाली पाहत सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी एकदा टाकीत नुसतं पाणीच भरलेलं होतं, आणि मास्तर हुंगून म्हणाला होता, जोरात आहे, सांभाळून. तेव्हापासून प्रयोगशाळेतल्या बाई सकाळी वही मुद्दाम उघडी ठेवू लागल्या. वेळ तर त्यांच्या चिठ्ठीवरूनच ठरत होती. "तुम्हाला एवढा अभिमान. कोण कशाला दुखवेल, मास्तर?"

"मग माझ्या घरी कुणी का नाही सांगितलं?"

"घरी माहीत नसेल, असं कुणाच्या मनातच आलं नाही," क्रेनवाला म्हणाला. "बायकोला कळल्याशिवाय राहतं का?"

तो कसा घरी आला, त्याला कळलं नाही. बायको बाबांच्या खोलीची नव्याने रंगवलेली खिडकी पुसत होती. तिच्यासमोर उभं राहून त्याने तेच पुन्हा सांगितलं. आता ते ऐकवायला त्याची जीभ अडखळली नाही.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"आठ."

ती काही वेळ खिडकीच्या चौकटीवरून फडकं फिरवत राहिली. मग म्हणाली, "एक शब्द बोलला असतात तर मी मावशींना दिवसभर नाही, अष्टौप्रहर बसवलं असतं. नळी मी स्वतः बदलून गेले असते." आणि मग, त्याच्याकडे न बघता, "बाबा काही सांगत होते का हो? त्यांना कळलं असेल. त्यांचं नाक चांगलं होतं."

एवढं एक तो अजून कुणालाही बोलला नव्हता. साहेबांनाही नाही. त्याने बोट उचलून आपल्या नाकाला लावून दाखवलं.

"मी रुमालाने पुसलं," तो म्हणाला.

ती खाली बसली. बराच वेळ फरशीकडे पाहत राहिली, जणू तिथे काही सांडलं होतं आणि ते कसं निघेल याचा ती विचार करत होती. तो जवळ गेला तेव्हा तिने हात पुढे करून त्याला थांबवलं.

दोन दिवसांनी ती लेकीकडे गेली. निघताना विजेची शेगडी कशी लावायची ते तिने त्याला दोनदा दाखवलं, बटण कोणतं, तारेला पाणी लागू द्यायचं नाही, सगळं. परत कधी येणार, ते त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. रिक्षा वळणाआड गेल्यावर तो आत आला, खिडक्या उघडल्या, आणि दिवस कुठून सुरू करायचा हे न कळून बाबांच्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहिला.