छातीतला डाग

मी एक्स-रे मशीन बोलतेय. बसा निवांत. माझं ऐकताना श्वास रोखून धरायची गरज नाही.

बावीस वर्षं या दवाखान्याच्या तळमजल्यावर मी दुकान मांडून उभी आहे. गिऱ्हाईक कितीही नटूनथटून येवो, मला हाडंच दिसतात. तरी फोटो काढायचा म्हटलं की लोक आधी भांग नीट करतात. एक बाई तर छान हसल्याही होत्या. फोटो गुडघ्याचा होता.

एकदा एक म्हातारे शिंपीकाका लेकीचा हात धरून खोकत आले. मला चालवणारे तंत्रज्ञ जुन्या वळणाचे. दागिन्याला ते अजून 'डाग' म्हणतात. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काका, अंगावर एखादा डाग आहे का?"

काका भडकले. "डाग? चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, मशीनच्या तेलाचा थेंब पडू दिला नाही. आणि तुम्ही माझ्या बंडीवर डाग शोधताय?"

"बाबा, ओरडू नका, खोकला येईल."

आलाच.

"बरं, राहू द्या बंडी," म्हणत तंत्रज्ञांनी वाद मिटवला आणि काकांना माझ्यापुढे उभं केलं.

फोटो पाहून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उजव्या फुफ्फुसात डाग दिसतोय. वाटाण्याएवढा, गोल. मोठ्या दवाखान्यात जा. सुई घालून तपासावं लागेल."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. काका मात्र शांतपणे माझ्या खोलीतल्या बाकावर बसले, तंत्रज्ञांकडून कात्री मागून घेतली आणि बंडीची आतली शिवण उसवू लागले.

"बाबा, हे काय?"

"तुझ्या आईच्या कानातला मोती. ती गेल्यापासून छातीशी शिवून ठेवलाय. माझं आता काही खरं नाही. घे तू. सुनांना कळू देऊ नकोस, दोघी टपून बसल्यात."

तंत्रज्ञ ताडकन उठले. "काका! हा बंडीत होता? उजवीकडे?"

"मग कुठे?"

"अहो, मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही डाग विचारलात. मोती कुठे विचारलात?"

आता माझी बाजू ऐका. मोती मला हाडासारखाच पांढरा दिसतो. पारख सोनाराची, माझी नव्हे.

बंडी काढून दुसरा फोटो घेतला. छाती एकदम साफ! "साधा खोकला आहे, पाच दिवस औषध घ्या," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या.

काकांनी लगेच लेकीपुढे हात पसरला. "आण तो मोती."

लेकीनं डोळे पुसत पर्सची चेन ओढली. "कसला मोती?"

"अगं, मरणार म्हणून दिला होता!"

"आता नाही ना मरत? मग चला माझ्या घरी, तिथेच राहायचं. मोतीही सांभाळते, तुम्हालाही."

काका पुटपुटले, "म्हणजे मोतीही गेला आणि मीही." पण पावलं झपाझप लेकीमागे निघाली.

आता माझे सांधे कुरकुरतात. माझ्या जागी नवी मशीन यायची आहे, तिचं खोकं दारात येऊन पडलंय. जाता जाता एवढंच सांगते. मी माणसाच्या आरपार पाहते, पण त्यानं काय कशासाठी जपलंय ते मला कळत नाही. ते तोंडानंच सांगा. आणि विचारलेलं समजलं नाही, तर भडकण्याआधी परत विचारा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.