चौथी रेघ

त्या रविवारी सकाळी मागच्या अंगणात एवढ्या वस्तू होत्या: दीड मीटर लांबीच्या चौऱ्याहत्तर लाकडी फळ्या, आठ खांब, लोखंडी पट्ट्यांची तीन वेटोळी, पिशवीभर नटबोल्ट, घडी घातलेलं जाड निळं अस्तर, वाळूचा ढीग, पाण्याने भरलेली एक पारदर्शक नळी आणि एक मोजपट्टी. माणसं चार.

या सगळ्यातून जमिनीवर उभा राहणारा आठ कोनी पोहण्याचा हौद तयार व्हायचा होता. खड्डा नाही, सिमेंट नाही. घरच्या घरी, आपल्या हातांनी.

घराचा कर्ता वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दिवसभर दुकानदारांचे काटे तपासायचे ही त्याची नोकरी आणि घरी आल्यावर उरलेलं जग मोजायचं हा त्याचा छंद. बायको शाळेत भूगोल शिकवायची. मुलगी दहा वर्षांची. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. आणि आई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेली. दुसऱ्यांचं बोलणं नीट ऐकणं हीच तिची नोकरी होती आणि ती सवय अजून सुटली नव्हती. तिचे गुडघे मात्र तिला सोडून चालले होते. स्वयंपाकघरातून अंगणात यायचं तरी ती भिंतीचा आधार घ्यायची.

"पाणी किती भरायचं हे आधी ठरवू," निरीक्षक म्हणाला. "चला, सगळ्यांची उंची घेऊ."

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या चौकटीला त्याने पट्टी लावली. आधी स्वतःची: एकशे एकाहत्तर. मग बायकोची: एकशे अठ्ठावन्न. मग खारूची, टाचा उचलू नकोस असं दोनदा बजावून, एकशे तीस. प्रत्येक वेळी पेन्सिलीची बारीक रेघ.

खारूच्या मागे आजी उभी होती. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. पाठ जमेल तेवढी ताठ केली होती.

खट्ट! मोजपट्टी गुंडाळली गेली.

"झालं. आई, जरा सरकतेस? दार लावतो, धूळ येईल."

"हो रे," म्हणत आजी सरकली आणि पायाने चपला चाचपू लागली. हे फक्त खारूने पाहिलं.

मित्रांनो, या निरीक्षकाचं आईवर प्रेम नव्हतं असं समजू नका. भरपूर होतं! एवढं होतं, की चौऱ्याहत्तरपैकी चौसष्ट फळ्या हौदाला आणि उरलेल्या दहा खास आईसाठी, असा हिशेब त्याने पहिल्या दिवशीच करून ठेवला होता. त्या दहा फळ्यांचा एक ऐसपैस बाक होणार होता. सावलीत, पाठीला टेका असलेला. "तिथे बसून तुला आमची सगळी मजा दिसेल," तो कौतुकाने सांगायचा. आई म्हणायची, "छान आहे." ती दुसरं काय म्हणणार?

काम सुरू झालं. जागा खरवडून सपाट करायची होती. हौद भरला की त्यात अकरा टन पाणी राहणार. जमीन एका बाजूला दोन बोटं जरी उतरती राहिली तरी सगळा भार तिकडच्या भिंतीवर जाणार. त्यासाठी ती पारदर्शक नळी. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, त्यामुळे दोन कोपरे समान आहेत का ते लगेच कळतं. फक्त दुसरं टोक धरायला दुसरं माणूस लागतं. बायको उत्तरपत्रिका तपासत होती, खारू क्षणभर धरायची आणि पळायची. शेवटी आजीने टोक हातात घेतलं.

"तुझ्याकडे किती, आई?"

"खुणेच्या वर. कांद्याच्या सालीएवढं."

"सालीएवढं म्हणजे?"

"म्हणजे एक मिलिमीटर, साहेब. तुमच्या भाषेत."

आठही कोपऱ्यांवर ती उभी राहिली. संध्याकाळी तिने गुडघ्यांना शेक घेतला, पण कुरकुर केली नाही. हौद एका पातळीत बसला तो तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी खारूने विचारलं, "बाबा, पाण्यात हलकं का वाटतं?"

निरीक्षकाची कळी खुलली. त्याने ताणकाटा आणला, त्याला एक पितळी वजन लटकवलं आणि ते बादलीत हळूच बुडवलं. काटा सरकन मागे आला. "बघ! पाणी त्याला खालून उचलून धरतं. वजनाने जेवढी जागा घेतली, तेवढ्या पाण्याच्या भाराइतकं."

"माणसालाही?" आजीने विचारलं.

"माणसाला तर फारच. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं, तर पायांवर निम्म्याहून कितीतरी कमी भार येतो."

"आणि गुडघ्यांवर?"

"आजी, गुडघे पायातच असतात ना!" खारू खिदळली. सगळे हसले. आजीही हसली. प्रश्न तसाच राहिला आणि सगळे जेवायला बसले.

दोन आठवड्यांत हौद उभा राहिला. फळीच्या खाचेत फळी बसली, खांब आवळले गेले, बाहेरून पट्टे ताणले गेले, आत वाळूच्या गादीवर अस्तर पसरलं. पाण्याबद्दल विचाराल, तर ते छतावरचं पावसाचं पाणी साठवलेल्या टाकीतलं होतं. एकदाच भरायचं आणि गाळून गाळून वर्षभर तेच वापरायचं. चढायला हौदाबरोबर आलेली शिडी होती, उभी आणि हाताच्या तळव्याएवढ्या पायऱ्यांची. बाकही तयार झाला. निरीक्षकाने अस्तरावर मेणपेन्सिलीने पाण्याची पातळी आखून ठेवली, गळती आहे का ते पाहायला.

पाहायला शेजारच्या बाई आल्या. हाडांच्या दवाखान्यात त्या शस्त्रक्रिया झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवत. रोग्याच्या खाटेशी गेल्यावर त्यांचा पहिला शब्द "उठा!" असायचा, म्हणून त्यांचं नावच उठाबाई पडलं होतं. त्यांनी भिंतीवर थाप मारली, पट्टे पाहिले, खुशीत मान डोलावली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना त्या दाराशी थांबल्या.

"या रेघा कसल्या?"

"आमच्या उंच्या," खारू म्हणाली. "हा बाबा, ही आई, ही मी."

"आणि आजी?"

"आजी पण उभी होती रांगेत. चपला काढून. पण बाबांनी पट्टी मिटली."

निरीक्षक आणि बायको मागोमाग आत येत होते.

"अहो ताई, आईला कुठे उतरायचंय पाण्यात?" निरीक्षक सावरून म्हणाला. "या वयात, या गुडघ्यांनी? तिच्यासाठी तर मी बाक केलाय. पाहिलात ना?"

"पाहिला. सुरेख आहे. तिनेच मागितला होता?"

"मागायला कशाला पाहिजे? मला कळतं ना."

"काय कळतं?"

"हेच, की तिला... तिला आवडेल."

"विचारलंत?"

निरीक्षकाने बायकोकडे पाहिलं. बायकोने नळाकडे पाहिलं.

"भाऊ, राग मानू नका," उठाबाई म्हणाल्या. "तुम्ही दुकानात जाता. काटा पाच ग्रॅमने खोटा निघाला तर दुकानदाराला कोर्टात उभं करता. तो म्हणत असेल, मी गिऱ्हाइकावर फार प्रेम करतो, त्याला काय हवं ते मला कळतं! तुम्ही ऐकून घ्याल? आणि इथे चार माणसांच्या घरात तीन मोजून तुम्ही पट्टी मिटलीत. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. मुलं म्हणतात, आईला आता काही करू देत नाही, खुर्चीतून उठू देत नाही. फार अभिमानाने सांगतात! त्या मायेनेच पाय आखडतात हो. दुखण्याने आखडतात त्याच्यापेक्षा जास्त."

"पण पडली-बिडली तर?"

"तर काय करायचं ते ठरवा. तिच्याबरोबर बसून ठरवा. तिच्याशिवाय नको."

आतापर्यंत आजी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने हात पुसले.

"बाक चांगलाच आहे रे," ती म्हणाली. "पण बाकावर बसून गुडघे हलके होत नाहीत. तूच तर दाखवलंस ना, बादलीत. मी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाहीये. एकदा जाऊन बघावं म्हटलं. लोक हसतील असंही वाटलं, म्हणून बोलले नाही. आणि खरं सांगू? मी 'नाही' असं कधीच म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही."

अरेरे! सगळं मोजणाऱ्या माणसाच्या नजरेतून केवढी गोष्ट निसटली होती! ज्या बाईने आठ कोपऱ्यांवर उभं राहून हौद समतल केला, तिलाच हौदाच्या बाहेर बसायची जागा आखून दिली होती. तीही प्रेमाने! निरीक्षकाचा चेहरा पडला. मग तो बाहेर गेला. थोड्या वेळाने बोल्ट सोडवण्याचा आवाज ऐकू आला. तो बाक उकलत होता.

"अहो, निदान चहा घेऊन तरी उकला," बायको खिडकीतून म्हणाली.

"आईला बाहेर पाठव. पाय मोजायचाय."

आजी भिंतीला हात लावून उभी राहिली आणि पाय हळूहळू वर उचलू लागली. "इथपर्यंत काही नाही... इथपर्यंत ठीक... हां, इथे दुखलं." तिथे त्याने खूण केली आणि दोन बोटं खाली पायरीची उंची धरली. बाहेरच्या बाजूने त्या मापाच्या रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, खाली कडीचं फाटक, म्हणजे लहान मुलं मोठ्यांशिवाय चढणार नाहीत. दहा फळ्या पुरल्या नाहीत, आणखी आणाव्या लागल्या. आतल्या पायऱ्या थोड्या उंच चालतील असं उठाबाईंनी सांगितलं, कारण आत पाणी हात देणार होतं. आजीच्या डॉक्टरांनाही विचारून झालं. ते म्हणाले, बेलाशक!

आतल्या पायऱ्या पाण्यात ठेवल्या तेव्हा एक गंमत झाली. निरीक्षकाने त्या सोडल्या, कमरेवर हात ठेवून समाधानाने पाहिलं, आणि पायऱ्या डुलत डुलत वर येऊन तरंगू लागल्या! लाकडी होत्या ना.

"बाबा, पाणी खालून उचलून धरतं," खारू गंभीरपणे म्हणाली.

"तुला ताणकाटा आणून देऊ का?" बायको म्हणाली.

आजी तर हसून हसून कठड्याला टेकली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. मग पायऱ्या वरच्या कडेला बोल्टने आवळल्या, खाली रबराचे तुकडे लावले आणि त्या जागच्या हलेनाशा झाल्या.

आणि कपडे? त्यावर सासूसुनेची दोन दिवस खलबतं चालली. शेवटी पूर्ण बाह्यांचा सैल अंगरखा आणि पायजमा ठरला. "लोक बघतील," आजी एकदा म्हणालीच. सून म्हणाली, "बघू दे. एखादी म्हणेल, मलाही यायचंय."

वाचकहो, आता आपापल्या घराकडे एक नजर टाका. कुठे ना कुठे असा एक बाक असतोच. तो आपण मायेने केलेला असतो, सावलीत ठेवलेला असतो, आणि त्यावर कुणाला तरी बसवून आपण निर्धास्त झालेले असतो. म्हातारी माणसं असतील, कुबडी घेऊन चालणारा भाऊ असेल, ऐकू कमी येणारी मावशी असेल. त्यांना काय झेपेल हे आपणच ठरवतो आणि त्याला काळजी म्हणतो. काळजी जरूर घ्यावी! पण सुरुवात प्रश्नाने करावी: "तुला काय हवंय?" आणि उत्तर येईपर्यंत पट्टी मिटू नये.

पुढच्या रविवारी सकाळी चौकटीवर चौथी रेघ ओढली गेली: एकशे सत्तेचाळीस. खारू आजीपेक्षा सतराने कमी निघाली म्हणून जरा हिरमुसली.

मग सगळे हौदाकडे गेले. हात द्यायला सून आधीच पाण्यात उतरून उभी होती. पाणी स्थिर झाल्यावर निरीक्षकाने, आई उतरण्याआधीची म्हणून, अस्तरावर पातळीची नवी खूण केली. उठाबाई कठड्याशी उभ्या राहिल्या. त्यांनी आज "उठा" म्हटलं नाही.

आजी चढली. दर पायरीला थांबून, कठडा धरून, पण स्वतः. वर पोचल्यावर तिने एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. मग एक पाय आत. घोटा. पोटरी. गुडघा. तिथे ती थांबली.

"थंड आहे गं!"

"होईल सवय. या, मी आहे," सून म्हणाली.

कंबर. छाती. पाय तळाला लागले. आजीने सुनेचा हात घट्ट धरला होता. मग तिने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग भुवया उंचावल्या.

"अगंबाई! गेले कुठे माझे गुडघे?"

खारूने टाळ्या वाजवल्या. आजीने सुनेचा हात सोडला आणि कडेकडेने, कशालाही न धरता, चालू लागली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्या, आठही कोपरे फिरून पुन्हा पायऱ्यांपाशी. "मी आणखी थोडी थांबते," ती म्हणाली. "तुम्हाला घाई नाही ना कुणाला?"

कुणालाच नव्हती.

लाटा विरल्या. पाणी स्थिर झालं. निरीक्षकाने वाकून खुणेला पट्टी लावली, डोळे एकदा बाहीला पुसले आणि पुन्हा वाचलं.

पाणी खुणेच्या पाच मिलिमीटर वर होतं.