आतून विचारणारा

माझा भाऊ नखले देव मानत नाही आणि माझा नवरा गावचा पाद्री आहे. आता सांगा, माझ्या स्वयंपाकघरात शांतता नांदणार कुठून?

दर गुरुवारी संध्याकाळी नखले येतो. अमियून गावातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचा, आता निवृत्त झालाय. आमचं सगळं गाव, ऐन-सिंदियान, माझ्या नवऱ्याला 'अबूना' म्हणतं, म्हणजे 'आमचे बाप', आणि मला 'खूरिय्ये', म्हणजे पाद्रीणबाई. नखले म्हणतो दाजी. "मला बाप एकच होता आणि तो वारला," असं त्याने पहिल्याच गुरुवारी सांगून टाकलं. अबूना घत्तास हसले आणि म्हणाले, "बरं, दाजी तर दाजी. कॉफीत साखर किती?"

त्याला अकरा वर्षं झाली. मी पहिल्या महिन्यातच नियम घालून दिला होता: ज्याचा आवाज चढेल त्याने भांडी घासायची. दुसरा नियम त्यांनी त्यांचा केला. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून मांडून दाखवायचं, तेही नीट, टर न उडवता. समोरच्याने "हो, हेच म्हणत होतो मी" असं म्हटलं की मगच पुढे बोलायचं. कधीकधी एका मुद्द्यावर दोन-दोन गुरुवार जायचे. भांडी जास्त कुणी घासली ते विचारू नका, मी नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणारी बाई नाही. अबूनांनीच घासली.

एवढं सगळं असून नखले चर्चच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. पन्नास वर्षांत एकदाही नाही. आमची आई गेली तेव्हासुद्धा तो बाहेर जैतुनाच्या झाडाखाली उन्हात उभा राहिला, आणि मी आत आईच्या पेटीजवळ एकटी. भाऊ असून एकटी. तो दिवस मी विसरलेली नाही, विसरणारही नाही. माझ्या मनात एकच होतं: एकदा, फक्त एकदा, ईस्टरच्या दिवशी माझा भाऊ माझ्या शेजारी उभा असावा. त्याने गुडघे टेकावेत असं नाही. नुसता उभा असावा.

तो आत का येत नाही, त्याचं मूळ सांगते. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे सगळं गाव मेणबत्त्या घेऊन चर्चच्या बाहेर येतं. दारं बंद असतात. आत एकटा एक माणूस, लोखंडी अडसर लावून उभा; तो नरकाचं दार राखणारा सैतान, असं धरायचं. अबूना हातातल्या क्रुसाने दार ठोकतात आणि ओरडतात, "दारं उघडा, तेजाचा राजा येतोय!" आतला माणूस विचारतो, "कोण हा तेजाचा राजा?" असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा अबूना उत्तर म्हणून पराक्रमाच्या दोन ओळी म्हणतात, आतला अडसर काढतो आणि तरणी पोरं खांदे लावून दार धाडकन ढकलतात. याला हजमे म्हणतात, म्हणजे हल्ला. मग घंटा, फटाके, गलका, सगळं एकदम.

नखले अकरा वर्षांचा असताना त्याने तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्र्याला भर वर्गात विचारलं, "आतला माणूस साधा प्रश्न विचारतोय, 'कोण आहे?' मग त्याला नीट उत्तर द्यायचं सोडून आपण दार का ढकलतो?" म्हाताऱ्याने त्याच्या कानफटात अशी वाजवली की पोराच्या नाकातून रक्त आलं. नखले उठला आणि चालता झाला. तो गेला तो गेलाच.

या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, तिसऱ्या आठवड्यात आतला माणूस, म्हणजे आमचा मिखाईल, सिडनीला मुलीकडे गेला. तीस वर्षं तो आतून विचारायचा, "कोण हा तेजाचा राजा?" आणि विजेचं बिल वाचल्यासारखं विचारायचा. आता कोण उभं राहणार? त्या गुरुवारी मी मुजद्दरा, आमचा मसूर-भात, केला होता. नखले देव मानत नसला तरी लेंटमध्ये माझ्या घरी मांसाला हात लावत नाही. म्हणतो, "तुझ्या देवासाठी नाही ताई, तुझ्या कष्टांसाठी."

अबूनांनी ताट बाजूला सारलं. "नखले, या वर्षी आत तू उभा राहशील?"

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

नखलेने चमचा उचलून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी सैतान? छान! गावात फुकटचा एक नास्तिक आहेच, वापरून घेऊ, असं ना?"

"सैतान नाही. विचारणारा. वर्षातून एकदा आमच्या चर्चला असा माणूस लागतो ज्याला उत्तर खरंच ठाऊक नाही. तीस वर्षं आम्ही तिथे उत्तर पाठ असलेला माणूस उभा करतोय." अबूनांना धीर आला असावा, आणि तिथेच ते घसरले. "आणि खरं सांगू? मला वाटतं तू देवावर रुसलेला नाहीस. तू त्या म्हाताऱ्याच्या थपडेवर रुसलायस."

नखलेने पेला ठेवला. आवाज चढला नाही, पण मी त्याची बहीण आहे, मला त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसतात.

"दाजी, एवढं करू नका. मला रुसलेलं पोर करू नका. थपडेने मी चर्चमधून गेलो, ते खरं. देवाकडून गेलो तो वीस वर्षांनी, वाचून, विचार करून, रात्र-रात्र जागून. तुम्ही जितक्या कष्टाने विश्वास ठेवता ना, तितक्याच कष्टाने मी ठेवत नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत केलीत तर मी उद्यापासून येणार नाही."

अबूना उठले, हात जोडून म्हणाले, "चुकलो. तू म्हणतोस की तुझं न मानणं ही जखम नाही, तो तुझा निर्णय आहे. आणि मी त्यावर मलमपट्टी करायला निघालो. बरोबर?"

"हो. हेच म्हणत होतो मी."

"मग निर्णय घेतलेल्या माणसालाच विचारतो. उभा राहशील?"

नखलेने माझ्याकडे पाहिलं. मी खुशाल भांड्याकडे बघत बसले, पण डोळे माझं ऐकतात थोडेच! त्याने ते पाहिले असणार.

"राहीन," तो म्हणाला. "पण विचारीन तर खरं विचारीन. पाठ केलेल्या उत्तराला अडसर निघणार नाही. आणि कुणी ढकलाढकली केली तर दुसऱ्या दाराने निघून जाईन. मग ना चर्च, ना गुरुवार, ताई. आधीच सांगून ठेवतो."

"कबूल," अबूना म्हणाले. त्यांना काय, ते कबूल म्हणून मोकळे! जीव माझा टांगणीला लागला.

बातमी दोन दिवसांत गावभर झाली. महिला मंडळाची लबीबे, जिच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्मायचाय, ती मामूलचं, ईस्टरच्या खजूर भरलेल्या बिस्किटांचं, पीठ मळता मळता म्हणाली, "वा गं वा! नास्तिक चर्चच्या आत आणि आपण सगळे बाहेर थंडीत! खूरिय्ये, उद्या वेदीवरही बसवशील भावाला."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "लबीबे," मी म्हटलं, "माझा भाऊ पन्नास वर्षं बाहेर थंडीत उभा आहे. तुला एक पहाट सोसवत नाही?"

ती गप्प बसली. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. पण तिचे दोन धिप्पाड मुलगे दारापाशी सगळ्यांच्या पुढे उभे राहणार होते, ते मला ठाऊक होतं. त्यांना काय बजावून ठेवलं असेल कोण जाणे.

ईस्टरची पहाट उजाडली. पूर्वेला जरा तांबडं फुटलं होतं. चारशे माणसं चर्चच्या अंगणात मेणबत्त्या धरून उभी. नखले अर्ध्या तासापूर्वीच मागच्या दाराने आत गेला होता, एकटा, त्याच्या जुन्या करड्या कोटात. पन्नास वर्षांनी तो आत होता आणि मी बाहेर. मी सगळे संत एकेक करून नावानिशी आठवले.

अबूनांनी क्रुसाने दार ठोकलं. "दारं उघडा, तेजाचा राजा येतोय!"

आतून आवाज आला. "कोण हा तेजाचा राजा?"

अंगणात चुळबुळ थांबली. मिखाईल कधी असं विचारत नसे. हा माणूस खरंच विचारत होता. पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारणं सोडून दिलं.

दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा अबूनांनी ठोकलं, नखलेने विचारलं, आणि अबूनांनी पाठातल्या पराक्रमाच्या ओळी खणखणीत आवाजात म्हटल्या. अडसर हलला नाही.

"हे पुस्तकातलं झालं," आतून नखले म्हणाला. दार जाड आहे, पण शिक्षकाचा आवाज तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारच. "मी पुस्तकाला विचारलं नाही. दाजी, मी तुम्हाला विचारतोय. कोण आहे तो?"

असा गलका उठला म्हणता! "हे काय चाललंय?" "ओढा त्याला बाहेर!" लबीबेच्या थोरल्याने बाह्या सरसावल्या आणि खांदा दाराला लावला. मागून दहाबारा पोरं सरसावली. दार करकरलं. मी मेणबत्ती टाकून पुढे धावले, पण गर्दीत माझं कोण ऐकतंय? संपलं, मला वाटलं. आता तो मागच्या दाराने जाणार, आणि माझं घरही त्याला बंद होणार.

"मागे व्हा!"

अबूना घत्तास आयुष्यात कधी असे ओरडले नव्हते. घरात आवाज चढून भांडी घासावी लागली तेव्हासुद्धा नाही. त्यांनी थोरल्याच्या छातीवर हात ठेवून त्याला तीन पावलं मागे सारलं. "सगळे मागे! कुणी दाराला हात लावायचा नाही. माणसाने प्रश्न विचारलाय."

चारशे माणसं मागे सरकली. अबूनांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दाराशी उभे राहिले. टक्कल, पांढरी दाढी.

"नखले," ते म्हणाले, "अकरा वर्षं तू मला माझ्याच घरात हरवतोयस. तू गेल्यावर मी ज्याच्याशी बोलतो, तो हा. मी त्याला म्हणतो, आज मला उत्तर सुचलं नाही. तो मला कधी म्हणाला नाही की पुढच्या गुरुवारी दार लावून घे. एकदासुद्धा नाही. तुझ्या प्रश्नाला घाबरणारा राजा कुणी तुला दाखवला असेल, तर त्याला हाकलून दे, मलाही तो नको. तो आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तो दार फोडत नाही. तो ठोकतो आणि थांबतो. अडसर तुझ्या हातात आहे, आणि तो तुझाच आहे. मी दुपारपर्यंत इथे उभा राहीन. उद्यापर्यंत राहीन."

मेणबत्त्यांचं मेण बोटांवर गळत होतं आणि कुणी हात हलवत नव्हतं.

मग अडसर सरकल्याचा आवाज आला, सावकाश, लोखंडावर लोखंड घासत. दोन्ही दारं आतून उघडली. उंबऱ्यात नखले उभा होता. डोळे लाल होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"मला पटलेलं नाही," तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला. "पण याला उत्तर म्हणतात. या, आत या."

आणि माझ्या नवऱ्याचा हात धरून त्याने स्वतः त्यांना आत घेतलं!

काय सांगू तुम्हाला! घंटा वाजवायला दोघं धावले ते दोरीला लोंबकळलेच. बायकांनी असा झगारीत काढला, असा किलकिलाट, की टेकडीपलीकडच्या गावातली कुत्री भुंकायला लागली. फटाके फुटले. लबीबेचा थोरला आत जाता जाता नखलेपुढे थांबला, आणि मला वाटलं आता काही बोलतो, पण त्याने खाली मान घालून नखलेचा हात हातात घेतला. "उस्ताज, मी नववीत तुमच्याकडे होतो," एवढंच म्हणाला. लबीबे मागून म्हणाली, "मग ढकलत काय होतास मेल्या?" जशी काही ही बया त्या गावचीच नव्हती.

नखले निघून जाईल असं मला वाटलं होतं. त्याचं काम झालं होतं. पण तो बायकांच्या बाजूला आला, माझ्या शेजारी खांबाला टेकून उभा राहिला, हात कोटाच्या खिशात. क्रुसाची खूण केली नाही, मेणबत्ती घेतली नाही. मीही घे म्हटलं नाही.

वेदीसमोरून अबूनांनी आरोळी दिली, "ख्रिस्त उठला!"

"खरोखर उठला!" सगळं चर्च गरजलं. नखलेने तोंड मिटून ठेवलं होतं. तो खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि बोलला असता तर मलाच ते आवडलं नसतं.

अबूनांनी दुसऱ्यांदा आरोळी दिली. मी छाती भरून श्वास घेतला आणि दोघांच्या वाटचं एकटी ओरडले, "खरोखर उठला!" छप्पर उडावं असं.

"हळू गं ताई," माझा भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "बहिरा करशील मला."