पाठीमागची मूठ

सुरुचीने चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली, पिळली आणि कॅनव्हासवरच्या मुठीपाशी नेऊन तशीच धरली. रंग अजून ओला होता. एकदा हात फिरवला की मूठ गेली असती आणि तिथे नुसतं उपरण्याचं पांढरं टोक उरलं असतं.

"पुसलीस तर उद्या ज्युरीला काय दाखवणार? रिकामी पाठ?"

टेरेन्स सर दारात उभे होते. सर खोताच्या वाडीत लहानाचे मोठे झालेले. शिकवायचे इंग्रजीत, पण मराठीवर आले की प्रकरण गंभीर आहे हे पेंटिंगच्या साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. सुरुचीने चिंधी खाली घेतली.

मागच्या सत्रात कंपोझिशनला ती नापास झाली होती. तेव्हाही तिने वडिलांनाच काढलं होतं. गुणाजीबुवा, लालबागचे कीर्तनकार, गळ्यात हार, हातात चिपळ्या, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. ज्युरीतल्या बाईंनी चष्मा पुसत, हे कॅलेंडरवर शोभेल, एवढंच म्हटलं होतं. नंतर टेरेन्स सरांनी तिला जिन्यात गाठून विचारलं होतं, तुझे वडील छान दिसतात गं, पण या चित्रात तू कुठे उभी आहेस?

हा प्रश्न ती कितीतरी दिवस उराशी घेऊन हिंडली. मग एका सकाळी तिला उत्तर सापडलं. ती उभी असायची बाबांच्या मागे. शाळेत जायला लागल्यापासून, हातात टाळ घेऊन. समोर बसलेल्या मंडळींना बुवांचा चेहरा दिसतो. पाठ दिसते ती फक्त साथीदारांना. घामाने अंगाला चिकटलेला अंगरखा, रंगात आले की उचलली जाणारी उजवी टाच, आणि उपरण्याआड मागे घेतलेला हात. त्या हाताची एक वेगळीच भाषा होती. दोन बोटं वर केली की पेटीवाल्या मयूरने स्वर चढवायचा. पंजा उपडा केला की तबल्याने दमानं घ्यायचं. पुढे देवाची कथा चाललेली असायची आणि मागे हा कारभार.

आणि मूठ. ती मात्र जुनी नव्हती.

गेल्या श्रावणात गिरगावच्या देवळात सुदाम्याचं आख्यान ऐन भरात आलं होतं. पुरचुंडी काखेत लपवून सुदामा मान खाली घालून बसला आहे आणि देव त्याला म्हणतो आहे, अशी ती जागा. बाबांनी स्वतः रचलेली ओळ. "दडवू नको रे, दाखव सुदाम्या," बाबांनी उचललं आणि ते थांबले. मंडळींना वाटलं, बुवा रंगवताहेत. सुरुचीला मात्र उपरण्याआड हळूहळू मिटत गेलेली मूठ दिसली. टाळ वाजवता वाजवता तिने हलक्या आवाजात पुढचा शब्द दिला, "मीही." मूठ सुटली. "मीही भुकेला आहे," बाबांनी ओळ पुरी केली आणि सारं देऊळ डोलायला लागलं.

तेव्हापासून मूठ वरचेवर मिटायला लागली. शब्द दिला की सुटायची. हे कधी चुकलं नाही, आणि घरात याबद्दल कधी चकार शब्द निघाला नाही. आईलाही माहीत नव्हतं.

चित्र काढताना सुरुचीने मुद्दाम असं काही ठरवलं नव्हतं. पाठ झाली, टाच झाली, आणि हात आपसूक त्या मुठीवर आला.

"सगळं चांगलं आहे," सर चित्राजवळ येत म्हणाले. "पण थांबून बघायला लावते ती ही मूठ. काय धरलंय त्यांनी तिच्यात?"

"सवय आहे त्यांची."

सरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घड्याळ पाहून, चित्र तुझं आहे, असं म्हणून ते निघून गेले.

खरी गोष्ट अशी होती की बाबा आज चित्र बघायला येणार होते. तिथून पुढे पाच वाजता त्यांना गिरगावात देवळाच्या विश्वस्तांनी बोलावलं होतं. रामनवमीच्या उत्सवात कीर्तन कुणाचं, हे ठरायचं होतं. गेल्याच खेपेला त्यातला एक जण सहज बोलल्यासारखं बोलला होता, बुवा, हल्ली मध्येच थांबता हो. बाबांनी हसून वेळ मारून नेली होती. वर, लेकीने माझं चित्र काढलंय, कॉलेजच्या प्रदर्शनाला या, असं त्या साऱ्या मंडळींना घरोघरी जाऊन आवतण देऊन आले होते. अर्थात बाबांनी स्वतः पाहिलं होतं ते मागच्या सत्रातलं, हार घातलेलं, समोरून काढलेलं चित्र.

मूठ ठेवावी तर ती विश्वस्तांसमोर भिंतीवर टांगली जाणार. अशा माणसांना एकदा शंका आली की ते मयूरला विचारणार, आणि मयूरला खोटं बोलता येत नाही. मूठ पुसावी तर चित्राचा जीवच जातो. यंदा शेवटचं वर्ष. पुन्हा नापास झाली तर पदवी राहिली, आणि मग चुलतभावाच्या फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

तिने चिंधी पुन्हा उचलली. तेवढ्यात जिन्यात ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

बाबा आत आले ते हसतच. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, हातात प्रसादाची पिशवी. फाटकावरच्या माणसाने त्यांना मॉडेल समजून वहीत सही करायला लावली होती. "त्याला म्हटलं, हो बाबा, मॉडेलच. पण एकाच चित्राचा." तिच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत ते म्हणाले, "कुठे आहे? दाखव."

सुरुची बाजूला झाली.

बाबांनी चष्मा नीट केला. आधी त्यांना आपण ओळखूच आलो नाही. जन्मात कुणी स्वतःची पाठ पाहिलेली असते? मग त्यांना टाच दिसली आणि ते किंचित हसले. मग नजर खाली आली. हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त त्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यांचा उजवा हात नकळत पाठीमागे गेला.

खिडकीबाहेर कुणीतरी दगडावर छिन्नी चालवत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"हे सर्वांना दिसणार," बाबा म्हणाले. कीर्तनात बोलतात तसं, शुद्ध, सावकाश.

"पुसते मी. ओलं आहे अजून, लगेच जाईल."

"तुझ्या सरांचं मत काय?"

तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. "तिच्यावरच चित्र उभं आहे, म्हणाले."

"आणि पुसल्यावर?"

बाबांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो काढून पाहिला, गिरगावहून होता. त्यांनी तो न उचलता पिशवीत टाकला आणि पिशवी स्टुलावर ठेवली. मग ते चित्राच्या अगदी जवळ गेले. शिकवणीला आलेल्या मुलाची चूक पाहावी तसे त्या मुठीकडे बघत राहिले.

"आंगठो भायर नसता गो," ते म्हणाले. कीर्तनातली भाषा गळून पडली होती. हे घरचं मालवणी होतं. "भितर आसता. तू कधी बघलंसच नाय."

खरंच पाहिलं नव्हतं तिने. मूठ दिसली की शब्द द्यायचा आणि नजर वर न्यायची, हेच ती करत आली होती.

बाबा चित्रापासून दूर झाले. खिडकीतल्या उजेडात गेले, तिच्याकडे पाठ केली, आणि हात मागे घेतला. बोटं मिटली. अंगठा आत होता, चारही बोटांनी घट्ट दाबून धरलेला, भ्यालेल्या मुलाने आईचं बोट धरावं तसा.

"बाबा, मंडळी थांबली असतील तुमच्यासाठी."

"थांबू देत," ते म्हणाले. "मॉडेलाक बोलूक चालता मां?"

"चालतं."

त्यांनी उभ्या उभ्या गुणगुणायला सुरुवात केली. रोजचीच चाल. "दडवू नको रे, दाखव सुदाम्या..."

आणि ते थांबले.

सुरुची वाट पाहत राहिली. छिन्नीचा आवाजही थांबला होता. मुठीची हाडं हळूहळू पांढरी झाली. बाबांचं डोकं किंचित एका बाजूला कललं, मागून येणाऱ्या आवाजाकडे कान लावल्यासारखं.

"मीही," ती म्हणाली.

"मीही भुकेला आहे," बाबांनी ओळ पुरी केली आणि पुढची उचलली. आवाज मोकळा झाला, खांदे सैल झाले, उजवी टाच जमिनीवरून उचलली गेली.

मूठ मात्र या खेपेला सुटली नाही. तशीच मिटून त्यांनी ती तिच्यासमोर धरून ठेवली.

सुरुचीने चिंधी खाली टाकली आणि ब्रश उचलला.