सोपानरावांना कळतं

वरवंडच्या सोपानरावांची जीभ गावात नावाजलेली होती. म्हणजे नावाजायचं काम ते स्वतःच करत. सून शितल कुरकुंभच्या कंपनीत नोकरीला. तिनं मायक्रोवेव्ह आणला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की त्या पेटीतला घास आपल्याला लगेच ओळखू येतो, आणि तसला एक जरी ताटात आला तर पेटी गोठ्यात जाईल. त्यांना भाकरी तव्यावरूनच ताटात लागे. त्यामुळे त्यांच्या बायकोचा, धुरपदाबाईंचा, जन्म आधी चुलीपुढं बसून आणि मग गॅसपुढं उभं राहून गेला. त्यांचं स्वतःचं जेवण कायम गार आणि एकटीचं. घरात शितल आल्यापासून तिच्याशेजारी बसून, गप्पा मारत, गरम चार घास खावेत असं त्यांना फार वाटे.

मग धुरपदाबाई दुपारीच स्वयंपाक उरकू लागल्या, आणि शितल कामावरून आली की सासूसुना पेटीची परीक्षा घेऊ लागल्या. भात गुणी निघाला. पाण्याचा हबका मारला की आत्ताच उतरवल्यासारखा. पिठलं मात्र भडक डोक्याचं, झाकण नसलं की चारी भिंतींवर उडायचं. मटकीची उसळ आत फटफट फुटायची. सगळ्यात लबाड भाकरी. ओल्या फडक्यात गुंडाळून गरम केली तर मऊसूत, पण जरा निवली की चामडं. त्यातून सोपानरावांना घास हातात धरून सोसायटीच्या निवडणुकीवर बोलायची खोड. म्हणून चतकोरच वाढायचा, आणि पुढचा चतकोर न्यायला दोघींनी आळीपाळीनं उठायचं. टिंग वाजायच्या आत दार उघडायचं, हेही ठरलं.

सोपानराव बाहेर टीव्हीपुढं जेवत आणि दोघी आत, एकमेकींजवळ. पारावर सोपानराव सांगत, आमच्यात अजून सगळं तव्यावरचं असतं.

एका संध्याकाळी वारं सुटलं, तारा तुटल्या आणि लाइट गेली. पेटी मुकी झाली. धुरपदाबाईंनी घामाघूम होत गॅसवर भाकरी केली आणि मोबाइलच्या उजेडात तव्यावरून थेट ताटात वाढली. सोपानरावांनी एक घास चावला आणि हात आखडला.

"ह्ये त्या पेटीतलं हाय," ते म्हणाले. "काल कसं तव्यावरचं व्हतं. मला कळतं."

शितलनं तोंडाला ओढणी लावली. धुरपदाबाईंना आधी राग आला, आजवर थापलेल्या सगळ्या भाकरींचा. मग त्यांनी मान खाली घातली.

"चुकलं माझं. उद्यापासनं रोज कालच्यासारखंच वाढते."

"माझ्या गळ्याची आन घे."

त्यांनी घेतली. इतक्या निवांत मनानं त्यांनी आजवर कुठलीच आन घेतली नव्हती. मग आत येऊन तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली, आणि ती वाफाळत होती तोवरच शितलजवळ बसल्या.