प्रधान बरगडी

मी एक जुना ओव्हन आहे. मित्रांनो, नाक दाबू नका. कतारमध्ये, दोह्यातल्या एका कंपनीच्या गेस्ट हाउसमागे मी वाळूत पडलोय. दार निखळलंय, पोटात मांजर व्यालंय. पण आठवण शाबूत आहे आणि मी गोडगोड बोलणार नाही.

१९७४ साली मी बोटीनं विलायतेहून इथं आलो. दुपारच्या उन्हात चार माणसांनी मला उचलून आत आणलं. कंपनीच्या साहेबानं माझ्या दारावर थाप मारली, "ब्यूटी!" म्हणाला. उचलणाऱ्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

मला खरं जपलं आचारी मुनाफनं. राजापूरकडचा माणूस. रोज काम आटोपलं की गरम पाण्यात सोडा घालून मला आतून-बाहेरून पुसायचा. त्याचा दोस्त निवृत्ती, साहेबाचा ड्रायव्हर, बार्शीचा. मॅट्रिक पास आणि खिशात इंग्रजी-मराठी डिक्शनरी, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला पंडितच.

१९७९ मध्ये मुनाफच्या मुलीचा, सिताराचा निकाह ठरला. तीन वर्षं त्यानं तिला पाहिलं नव्हतं. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात. रजा मागायला गेला तर साहेब म्हणाला, "गुरुवारी पार्टी आहे. प्राइम रिब कर. चांगली झाली तर रजेच्या कागदावर सही करतो." आणि बोट वर करून बजावलं, "रेअर, मुनाफ. व्हेरी रेअर."

मुनाफनं प्राइम रिब हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं तर साहेब म्हणणार, तू कसला आचारी?

"निवृत्ती, बघ रे बाबा तुझ्या पुस्तकात."

निवृत्तीनं बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "रिब म्हंजी बरगडी. आन प्राइम मिनिस्टर म्हंजी पंतप्रधान. तवा ही झाली प्रधान बरगडी."

"मग बाकीच्या बरगड्या काय, शिपाई?"

"मला काय विचारतोस? मी तर ह्या मांसाचं नावबी घेत न्हाई."

"बरा, रेअर म्हंजे?"

"दुर्मिळ. क्वचित आढळणारं."

मुनाफ विचारात पडला. "म्हंजे थोडा वाढायचा. व्हेरी रेअर, म्हंजे अगदीच थोडा. मोठ्या लोकांच्यात तसंच असेल."

मित्रांनो, प्रधान बरगडी, म्हणजे गाईच्या बरगडीचा अख्खा तुकडा, आली ती बर्फात गोठून, दगडासारखी. नाव मोठं आणि माल चार महिने जहाजावर पडलेला. मुनाफनं ती वितळवली, मीठ-मिरी-लसूण चोळला आणि माझ्या हवाली केली. साहेबाचं रेअर म्हणजे आतून लालसर, अर्धकच्ची ठेवायची, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या घरी लाल मांस म्हणजे कच्चं. चार तास भाजून त्यानं ती हाडापर्यंत शिजवली. मग एकेका ताटात कागदासारखा एकेक तुकडा ठेवला. बाकी सगळी थंड होऊ नये म्हणून परत माझ्या पोटात.

पाहुणे ताटांकडे बघत राहिले. साहेब तरातरा आत आला आणि त्यानं माझं दार उघडलं. आत अख्खी बरगडी.

"चोर!" साहेब ओरडला. "माझ्या पाहुण्यांना उपाशी ठेवून स्वतःसाठी लपवतोस?"

पुरावा माझ्या पोटात होता आणि मला तोंड नव्हतं. मुनाफ म्हणाला, "साब, यू से रेअर. आय मेक रेअर. व्हेरी लिटल."

साहेबाला कळलं. मग तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाहेर जाऊन त्यानं पाहुण्यांना सांगितलं, तेही हसले. मला वाटलं, चला, चोरीचा डाग तरी गेला. आता सही होईल.

"चांगली झाली तर म्हणालो होतो," साहेब म्हणाला. "ही चांगली झाली का? खलास. पुढच्या साली बघू."

निवृत्तीनं ती डिक्शनरी पुन्हा खिशात ठेवली नाही. मुनाफ त्याला एवढंच म्हणाला, "तुझा काय दोष? पुस्तकात तसाच लिवलाय ना?"

तीन आठवड्यांनी, ज्या शुक्रवारी राजापूरला सिताराचा निकाह होता, त्याच दिवशी साहेबाकडे पुन्हा जेवण होतं. या वेळी रेअरचा खरा अर्थ ठाऊक झालेल्या मुनाफनं प्रधान बरगडी आतून लाल, बाहेरून खरपूस अशी बिनचूक केली. जेवताना साहेबानं जुना किस्सा काढला आणि हाक मारली, "मुनाफ, यल्ला, चल, बाहेर ये! हाच तो!" मुनाफ ॲप्रन घालून बारा परक्या माणसांपुढे उभा राहिला. ते हसत होते. त्यालाही हसावं लागलं. आत येऊन त्यानं माझ्या गरम दाराला दोन्ही हात टेकले आणि चटका बसेपर्यंत काढले नाहीत.

८६ साली माझ्या जागी नवा ओव्हन आला. किस्सा तोपर्यंत चालू होता.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू आत्मवृत्ताच्या शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा. मला नाही पुसलंत तरी चालेल. पण तुमच्या हाताखालचा माणूस तुमच्या भाषेतल्या एका शब्दाला चुकला, तर आधी त्याच्या कागदावर सही करा. मग काय हसायचं ते हसा.