मागून आणलेलं नाव

मित्रांनो, भूमच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर, मी एक जुनी नाव घालायची मशीन पडून आहे. भांड्यांवर नावं टोचण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे माझा स्वभावही थोडा टोचराच आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझ्या मालकाचं नाव अण्णाराव. त्याने मला नवीकोरी आणली तेव्हा मी पेनाएवढी सडपातळ होते आणि सुरू झाले की सगळ्या गल्लीचे कान किटवायचे. त्या काळी लग्नाकार्यात शेजारपाजारची पातेली, पराती, तांबे एका चुलीवर जमायचे. कार्य उरकलं की ज्याचं त्याच्या घरी गेलं पाहिजे, म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव लागायचं. अण्णाराव विचारायचा, गिऱ्हाईक नाव सांगायचं, आणि मी ते धातूत ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवायचे. लोक अक्षराचं कौतुक करायचे. कौतुक अण्णारावचं व्हायचं, झिजायचे मी. असो.

आमच्या दुकानात एक लेखक येऊन बसायचा. प्रेमानंद त्याचं नाव, गाव ईट, नोकरी शाळेत. बाजारच्या दिवशी तो स्टुलावर बसून फक्त नावं ऐकायचा. त्याला गोष्टी लिहायच्या असत आणि गोष्टीतल्या माणसांना नावं लागत. ती मनानं ठरवली की खोटी वाटतात, असं तो म्हणायचा. सत्तरीच्या म्हातारीचं नाव वृषाली ठेवलं तर वाचक पुस्तक मिटतो. तिला दगडाबाईच शोभतं, कारण आधीची लेकरं गेली की मागून आलेलीला असं नाव ठेवायची रीत होती. नावावरून वय कळतं, गाव कळतं, आई-बापांनी काय आस धरली होती तेही कळतं. मात्र एकाच भांड्यावरचं नाव आणि आडनाव तो कधी उचलायचा नाही. नाव एका परातीचं, आडनाव दुसऱ्या हंड्याचं. जित्या माणसाला आपण कुणाच्या गोष्टीत सापडलो असं वाटू नये, हा त्याचा नेम होता. मला तो आवडायचा. माझी नावं मांडणीवर धूळ खायची, त्याच्या हाती लागलेली चालू-बोलू लागायची.

एका बाजारी ईटची बनाबाई आली. रोजाने शेतात जाणारी बाई. पिशवीत वाट्या होत्या, लेकीच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे माणूस गेल्यावर बौद्ध घरात होणाऱ्या विधीला, वाटायच्या. लेक श्रावस्ती, नर्सिंगला शिकत होती. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

अण्णारावने सवयीने विचारलं, "आधी कैलासवासी घालू?"

"आमच्यात कालकथित म्हनत्यात, अण्णा."

"चुकलं, बाई. तसंच घालतो."

त्या दिवशी मी जीव लावून काम केलं. ठिपका हलू दिला नाही. प्रत्येक वाटी झाली की बनाबाई ती हातात घ्यायची आणि अक्षरांवरून बोट फिरवायची. तिला वाचता येत नव्हतं. मग तिचं स्टुलावरच्या प्रेमानंदकडे लक्ष गेलं.

"प्रेमानंदा, तू गोष्टीत लोकायची नावं घालतूस म्हनं."

"जय भीम, मावशी. घालतो की."

"मग माझ्या लेकीचं घाल. घरात तिचं नाव काढलं की तिचा बाप उठून भाईर जातो. गल्लीतली मान्सं बी माझ्या तोंडावर घेत न्हाईत. तिला हाक मारायला कुनी ऱ्हायलं न्हाय रं. तुझ्या पुस्तकात कुनीतरी मारंल."

कुणाचं आहे ते ओळखू येईल असं नाव घ्यायचं नाही, हा प्रेमानंदचा नेम मोडत होता. पण त्याच्या पहिल्या कादंबरीतली मुलगीही दुष्काळी गावातून नर्स व्हायला निघालेली होती आणि तिचं नावच त्याला सापडत नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, घालतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच असंल." बनाबाईने वाट्या पिशवीत भरल्या आणि एक वाटी त्याच्या हातात दिली.

पुढे माझे दिवस फिरले. दुकानात लेझरची मशीन आली. ती आवाज न करता नाव घालते, म्हणून लोकांना भारी वाटते. शिवाय आता जेवणं केटररकडे गेली, शेजाऱ्याचं पातेलं मागायला कोण येतो? अण्णारावचा हातही कापू लागला होता. त्याने मला फडक्यात गुंडाळून खाली ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस प्रेमानंद आला आणि कादंबरी अण्णारावच्या पुढ्यात ठेवली. चेहरा पडलेला. "बनाबाईमावशीला तुम्हीच द्या," म्हणाला.

"तुझ्या गावची बाई, तूच दे की."

"नाव बदललंय, अण्णा. धाराशिवचे प्रकाशक म्हणाले, श्रावस्ती म्हटलं की वाचकाला घर कळतं. मग तो गोष्ट सोडून घरच वाचत बसतो. सोनाली ठेवा, सोनाली कुठल्याही घरात खपते."

"आणि तू व्हय म्हणालास?"

"पहिलं पुस्तक आहे. नाही म्हटलं असतं तर छापलंच नसतं. पण शब्द अगदीच मोडला नाही. एके ठिकाणी ठेवलंय तिचं नाव."

तो गेल्यावर अण्णारावने ती जागा शोधून काढली. सोनालीच्या घरी पाहुणे चहा पितात. कुणीतरी आतल्या पोरीला ओरडून सांगतं, "श्रावस्ती, कप उचल." बस, एवढंच. पुढे त्या पोरीचा पत्ता नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी हजारो नावं घातली, पण एखाद्या नावाची इतकी लाज कधी वाटली नव्हती. नाव तिचं होतं, लाज मात्र त्याची.

पुढच्या बाजारी बनाबाई आली. तिने पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "वाचा, अण्णा." अण्णारावने चष्मा पुसला, परत पुसला. मग वाचायला लागला. जिथे जिथे सोनाली होती तिथे तिथे तो श्रावस्ती म्हणत गेला. श्रावस्ती एस. टी.ने निघाली. श्रावस्तीला पांढरा ड्रेस मिळाला. कपांचं पान आलं तेव्हा त्याने दोन पानं एकदम उलटली. त्यानंतर दर बाजारी बनाबाई येऊन बसायची आणि अण्णाराव गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तिला वाचून दाखवायचा.

पुस्तक संपत आलं तेव्हा एकदा थकलेल्या अण्णारावच्या तोंडून निसटलं, "सोनाली दारात उभी राहिली." तो दचकून थांबला. नेमका तेव्हाच प्रेमानंद दुकानाच्या पायरीवर आला होता. त्याने ते ऐकलं.

"छापायची चूक दिसती," अण्णाराव पुटपुटला.

"चूक न्हाय, अण्णा," बनाबाई म्हणाली. "भावाच्या नातीनं मला आधीच समदं वाचून दाखविलंय. कप उचलायचं बी."

"मग दर बाजारी कशाला येत होता, बाई?"

"तुमी तिला हाक मारता म्हनून. लई बरं वाटायचं."

प्रेमानंद पुढे झाला. "मावशी, दुसऱ्या आवृत्तीत बघा, मी परत..."

"नगं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आमी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची उष्टी काढली. म्हनून तिला शिकाया घातलं व्हतं. अन् तू आपला असून तिला परत त्याच कामाला लावलंस. दुसऱ्या बारीला नाव काढून टाक तिचं."

ती उठली आणि चालती झाली. पुस्तकाची शेवटची पानं वाचायची राहिली. त्यानंतर ती आमच्या दुकानात आली नाही. प्रेमानंद अजून कधीतरी येतो, स्टुलावर बसतो. नावं सांगितली जातात, पण तो एकही उचलत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी गोष्टी लिहील. नावं लागतील, ती खुशाल कुठूनही घ्या. पण आईने पदर पसरून दिलेलं नाव घेतलंत, तर त्या लेकराला नीट वागवा. नाही जमलं, तर आधीच तसं सांगा आणि रिकाम्या हाताने परत जा.